किताब, पदवी आणि पात्रता : मल्लविद्येतील श्रेणीचा विचार

१

मल्लविद्येत श्रेष्ठत्व कशाने सिद्ध होते, हा प्रश्न वरवर पाहता विचारण्याजोगा वाटत नाही. ज्याने प्रतिस्पर्ध्यास चीत केले तो श्रेष्ठ, हे उत्तर लहान मुलासही सुचते. परंतु श्रेष्ठत्व सिद्ध होणे ही एक गोष्ट आहे आणि त्या श्रेष्ठत्वास नाव मिळून ते चारचौघांत मान्य होणे ही दुसरी. पहिली गोष्ट मातीत घडते आणि क्षणभराची असते. दुसरी समाजात घडते आणि पुष्कळदा जन्मभर टिकते. या क्षणभराच्या सिद्धीतून जन्मभराचे नाव कसे निर्माण व्हावे, ते कोणी द्यावे आणि कोणत्या अटीवर द्यावे, हा खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तोच होय.

हा प्रश्न आज केवळ तात्त्विक राहिलेला नाही. नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, कन्हान नदीच्या काठी वसलेल्या मौद्यासारख्या तालुक्याच्या गावाकडे पाहिले, तर त्याचे स्वरूप स्पष्ट होते. या टापूत सणासुदीच्या सुमारास गावोगाव कुस्त्यांची आमदंगल भरविण्याची जुनी चाल आहे. दुसरीकडे कराटे, तायक्वांदो, ज्यूदो या विद्यांचे वर्गही आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोचले आहेत. पहिल्या परंपरेत श्रेणी आहेत, पण त्यांना नावे नाहीत. दुसरीत श्रेणींना नावे आहेत, रंग आहेत, पट्टे आहेत आणि प्रमाणपत्रेही आहेत. एकाच घरातील थोरला मुलगा दंगलीत इनामाची कुस्ती लढतो आणि धाकटी बहीण पिवळ्या पट्ट्याची परीक्षा देते, असे चित्र आज असंभाव्य नाही. या दोघांची योग्यता एका मापाने मोजता येईल काय, आणि येत नसेल तर का येत नाही, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही.

चर्चेच्या सोयीसाठी तीन शब्द प्रारंभीच वेगळे करून घेतले पाहिजेत. झुंजीत मिळविलेला तो ‘किताब’. गुरूने किंवा संस्थेने परीक्षेअंती दिलेली ती ‘पदवी’. आणि त्यांच्या आधारे राज्याने किंवा समाजाने सोपविलेले अधिकारस्थान तो ‘हुद्दा’. आपल्या बोलण्यात हे तीनही शब्द एकमेकांच्या जागी सहज येतात. मल्लविद्येतील श्रेणीविषयीचा बहुतेक गोंधळ याच सरमिसळीतून उद्भवतो, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

२

मल्लांची वर्गवारी करण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ग्रंथात ‘मल्लविनोद’ या नावाचे प्रकरण आहे. तेथे मल्लांचे ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक आणि गोवल असे वर्ग सांगितले आहेत. मल्लांनी करावयाचे भारश्रम, भ्रमणश्रम, सलिलश्रम, स्तंभश्रम इत्यादी व्यायामही दिले आहेत. राजाच्या विनोदासाठी रचलेल्या या प्रकरणात वर्गवारीचा हेतू अगदी व्यावहारिक आहे. कोणाची जोड कोणाशी लावावी आणि कोणाच्या पोषणाची काय व्यवस्था करावी, हे राजास कळावे एवढाच तो आहे. म्हणजे येथे श्रेणी हा मल्लाचा अलंकार नव्हे; तो झुंज बरोबरीची व्हावी यासाठी योजलेला उपाय आहे. ही दृष्टी अत्यंत निरोगी होती, असे म्हणावे लागते.

पुढे या वर्गनामाचे काय झाले, हा इतिहास मात्र बोधप्रद आहे. भो. ज. सांडेसरा आणि र. ना. मेहता यांनी संपादिलेले ‘मल्लपुराण’ १९६४ मध्ये बडोद्याच्या प्राच्यग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. हा ग्रंथ ज्येष्ठीमल्ल या समाजाचा आहे. ज्येष्ठिक हा शब्द एके काळी कर्तृत्वाचा वर्ग दाखवीत होता. कालांतराने तो एका जातीचे नाव झाला. बडोदे आणि म्हैसूर येथील दरबारांच्या आश्रयाने असलेले जेठी मल्ल हे याच नावाचे वारस होत. ज्येष्ठ ठरण्यासाठी एकेकाळी मातीत उतरावे लागे; पुढे ज्येष्ठाच्या घरी जन्म घेणे पुरेसे झाले. त्या समाजातील मल्लांनी श्रम सोडले असे येथे सुचवावयाचे नाही. उलट त्यांनी विद्या जपली. सांगावयाचे ते इतकेच की, श्रेणीचे नाव एकदा कर्तृत्वापासून सुटे झाले म्हणजे ते कोठे जाऊन चिकटेल याचा नेम नसतो.

या दृष्टीने आदिपर्वातील रंगभूमीचा प्रसंग पुन्हा वाचण्यासारखा आहे. द्रोणाचे शिष्य आपली अस्त्रविद्या लोकांसमोर दाखवितात. ही एक प्रकारची प्रकट परीक्षाच होय. कर्ण येतो आणि अर्जुनाने केलेले सर्व करून दाखवितो. येथपर्यंत निकष विद्येचाच आहे. परंतु तो द्वंद्व मागतो तेव्हा कृपाचार्य त्याचे कुल विचारतात. त्यावर दुर्योधन त्याला तत्क्षणी अंगदेशाचा राजा करतो. कृपाचार्यांचा आक्षेप अन्यायाचा आहे, हे आपण सर्वजण मानतो. परंतु दुर्योधनाच्या औदार्यातही एक खोट आहे, ती सहसा लक्षात घेतली जात नाही. कर्णाला हवी होती ती झुंज. त्याला मिळाला तो हुद्दा. योग्यतेचा प्रश्न विद्येने सुटावयाचा होता, तो कृपेने सोडविला गेला, आणि ज्या द्वंद्वाने निर्णय लागला असता ते त्या दिवशी झालेच नाही. कुलाच्या आधारे श्रेणी नाकारणे आणि मेहेरबानीने श्रेणी बहाल करणे, या दोन्ही कृती एकाच दोषाची दोन रूपे आहेत. दोहोंतही कसोटी टाळली जाते.

३

आता आखाड्याकडे वळू. आखाड्यात श्रेणी नसतात, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. आखाड्याची श्रेणीव्यवस्था शब्दांत मांडलेली नाही, एवढेच. दंगलीच्या दिवशी आरंभी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात. मग लहान इनामांच्या, मग मोठ्या इनामांच्या, आणि दिवस कलता कलता शेवटची काट्याची कुस्ती. कोणाची कुस्ती किती इनामावर आणि कितव्या क्रमांकाला लागली, यावरून त्या मल्लाचे स्थान सर्व फडाला कळते. गेल्या वर्षी रेवडीवर लढलेला पोर यंदा रोख इनामावर लढला, ही त्याची बढती. ती जाहीर करावी लागत नाही. हलगीच्या तालावर तो मैदानात फेरी मारतो तेव्हाच ती झालेली असते.

या व्यवस्थेचे तीन गुण नमूद केले पाहिजेत. पहिला, निर्णय उघड्यावर लागतो. कुस्ती निकाली असेल तर पाठ मातीला लागली की नाही, हे पाहण्यास हजार डोळे असतात, आणि त्यांतील पुष्कळ डोळे जाणकारांचे असतात. दुसरा, जोड लावतानाच मल्लाची पारख होते. वजन, वय, तयारी पाहून बरोबरीचा गडी शोधणे हे पंचांचे आणि वस्तादांचे काम. ते चुकले तर फड लगेच बोलतो. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा गुण असा की, मिळविलेले स्थान राखावे लागते. पुढल्या दंगलीत तेच स्थान पुन्हा पणाला लागते. आखाड्यात मान कमावता येतो, साठविता मात्र येत नाही.

तथापि या व्यवस्थेचे दोष झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तिची स्मृती स्थानिक असते. मौद्याच्या फडाने जोखलेल्या मल्लाचे मोल कोल्हापुरास कळण्याचा मार्ग, तो तेथे जाऊन लढण्यावाचून दुसरा नाही. शिवाय गुरूकडून गंडा बांधून घेतल्यावर शिष्याची सारी वाट वस्तादाच्या मर्जीतून जाते. कोणता पेच कोणाला शिकवावयाचा आणि कोणाला कोणत्या दंगलीत उतरवावयाचे, हे तोच ठरवितो. एकलव्याची कथा ज्या संस्कृतीने रचली तिला या सत्तेचा धोका ठाऊक नव्हता असे म्हणता येणार नाही. आणि या फडात स्त्रियांना दीर्घकाळ स्थानच नव्हते. उघड कसोटीचा अभिमान बाळगणारी ही व्यवस्था निम्म्या समाजास कसोटीलाच उभे करीत नव्हती, ही गोष्ट तिच्या चाहत्यांनी विसरू नये.

याहून मूलभूत अशी एक अडचण आहे. वस्ताद हा शब्दच पाहा. तो फारसीतील ‘उस्ताद’ या शब्दापासून आला आणि मराठीत विशेषेकरून आखाड्यात स्थिरावला. साठीचा वस्ताद वीस वर्षांच्या शिष्याला पाडू शकत नाही, आणि तरीही तो वस्ताद असतो. केवळ झुंज हाच निकष मानला तर त्याचे वस्तादपण समजावून सांगता येत नाही. त्याची योग्यता त्याच्या शिष्यांत दिसते. म्हणजे आखाडाही मुळात दोन वेगळी मापे वापरतो. लढणाऱ्याचे माप त्याची कुस्ती. शिकविणाऱ्याचे माप त्याच्या हाताखाली तयार झालेले मल्ल. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हा भेद संस्थेच्या पातळीवर ओळखला, हे त्याचे ऐतिहासिक महत्त्व होय. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापिलेल्या आणि १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिके दाखविणाऱ्या या मंडळाची ‘व्यायाम विशारद’ ही पदवी शिक्षकाची आहे. ती मल्लाचा किताब असल्याचा दावा करीत नाही.

४

पट्ट्यांच्या परंपरेचा उगम जपानात आहे, आणि तिची आजची दशा पाहून तिच्या उगमाविषयी मत बनविणे अन्यायाचे होईल. कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही ज्यूदोची शाळा स्थापिली आणि पुढच्याच वर्षी आपल्या दोन शिष्यांस ‘दान’ ही श्रेणी प्रथम दिली. तत्पूर्वी जपानी युद्धविद्यांच्या घराण्यांत गुंडाळीवर लिहिलेले परवाने देण्याची चाल होती. त्यांच्या पायऱ्या थोड्या आणि दोन पायऱ्यांमधील अंतर वर्षांचे. विद्यार्थ्याचा उत्साह टिकावा आणि त्याला आपली प्रगती कळावी म्हणून कानोंनी पायऱ्या वाढविल्या. हेतू अध्यापनाचा होता, प्रतिष्ठेचा नव्हता.

विशेष असे की, कोदोकानातील श्रेणी निव्वळ परीक्षेवर उभी नव्हती. तेथे लाल आणि पांढऱ्या अशा दोन तुकड्यांचे सामने होत. त्यांत लागोपाठ प्रतिस्पर्धी पाडीत जाणाऱ्या विद्यार्थ्यास तिथल्या तिथे बढती मिळण्याची सोय होती. म्हणजे परीक्षा, शिक्षकाचे मत आणि झुंज, या तिन्हींचा मेळ घालण्याचा तो प्रयत्न होता. पुढे १९२४ मध्ये फुनाकोशी गिचिन यांनी कराटेतही दान श्रेणी देण्यास आरंभ केला. पांढरा आणि काळा यांच्या मध्यंतरीच्या रंगीत पट्ट्यांची पद्धत मुख्यतः १९३० नंतरच्या दशकात, पॅरिस येथे शिकविणाऱ्या कावाइशी मिकिनोसुके यांच्या शाळेतून प्रसार पावली. भारताचा या परंपरेशी संबंध बराच जुना आहे. रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून ताकागाकी शिन्झो हे १९२९ मध्ये ज्यूदो शिकविण्यासाठी शांतिनिकेतनास आले होते.

पट्टा देशोदेशी गेला. त्याच्या मागची व्यवस्था मात्र सर्वत्र गेली नाही. कोदोकानातील श्रेणीमागे एक संस्था, एक नोंदवही आणि आपापसांत झुंजणारे शेकडो विद्यार्थी होते. एकट्या शिक्षकाच्या वर्गात यांपैकी काहीच नसते. तेथे शिकविणारा तोच, परीक्षा घेणारा तोच, उत्तीर्ण करणारा तोच, आणि परीक्षेचे शुल्क घेणाराही तोच. अशा वर्गातील प्रत्येक शिक्षक लबाड असतो असे म्हणणे हा शुद्ध अन्याय होईल. पुष्कळजण सचोटीने शिकवितात. परंतु ज्या व्यवस्थेत अनुत्तीर्ण करणे हे शिक्षकाच्या चरितार्थाच्या विरुद्ध जाते, ती व्यवस्था सचोटीच्या भरवशावर चालते. व्यवस्थेची परीक्षा सज्जनांच्या हाती ती कशी चालते यावर करावयाची नसते.

आपल्या विद्यापीठांतही हा विवेक आहे. प्रबंधाचा मार्गदर्शक हा त्या प्रबंधाचा एकमेव परीक्षक नसतो. बाहेरचा परीक्षक बोलवावा लागतो. मार्गदर्शकाविषयीच्या अविश्वासातून हा नियम आलेला नाही. ममत्व आणि हितसंबंध यांनी दृष्टी अधू होते, हे मान्य करण्यातून तो आला आहे. शब्दांच्या विद्येत जी दक्षता आपण घेतो, ती देहाच्या विद्येत अधिकच घ्यावयास हवी. अपात्र माणसास वाङ्मयाची पदवी मिळाली तर हानी ज्ञानाची होते, आणि ती कालांतराने भरून येते. अपात्र मुलीस ‘तू आता स्वतःचे रक्षण करू शकतेस’ असे सांगणारा पट्टा दिला, तर त्या खोट्या विश्वासाची किंमत तिला आपल्या देहाने मोजावी लागेल.

५

दोष केवळ पट्ट्यांच्या बाजूस आहे, असे मानून आखाड्याच्या चाहत्यांनी समाधान मानू नये. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची स्थापना १९५३ मध्ये झाली आणि १९६१ मध्ये औरंगाबाद येथे ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब प्रथम लढला गेला. दिनकर दह्यारी हे त्याचे पहिले मानकरी. स्थानिक फडाच्या स्मृतीची मर्यादा ओलांडून सर्व राज्यासाठी एक कसोटी उभी करणे, हे या किताबाचे मोठे कार्य होय. परंतु २०२५ मध्ये काय घडले ते पाहावे. फेब्रुवारीत अहिल्यानगर येथील स्पर्धेत गादी विभागातील निर्णायक कुस्तीत दोन्ही खांदे टेकले की नाही, यावरून वाद पेटला. पंचास लाथ मारण्यापर्यंत मजल गेली, आणि दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. पुढे मार्चमध्ये त्याच जिल्ह्यातील कर्जत येथे, दुसऱ्या संघटनेच्या विद्यमाने, त्याच नावाच्या किताबाची दुसरी स्पर्धा झाली. एका वर्षात महाराष्ट्रास दोन केसरी लाभले. ‘केसरी’ या शब्दाच्या अर्थातच एकमेवत्व आहे. तेच नाहीसे झाले. मल्ल दोघेही मातब्बर असतील. परंतु किताब देणाराच एक उरला नाही, तर किताब कशाचा पुरावा ठरावा?

पंचाच्या निर्णयावर मल्लाचे भवितव्य टांगलेले असणे, ही गोष्ट नवी नाही. खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परंतु त्याआधी मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत आपणास पक्षपाताने एक गुण कमी देण्यात आला, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, निवड-चाचणीत लढण्याची संधी मिळविली आणि ती जिंकली. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, महाराजांनी त्यांना जागा दिली नाही; कुस्ती दिली. दुर्योधनाने कर्णास जे दिले त्याच्या नेमके उलट हे देणे आहे. अन्यायाचे निवारण कृपेने होत नाही, नव्या कसोटीने होते, हा धडा या प्रसंगातून घ्यावयाचा.

आज वाद इतके विकोपास का जातात, याचे उत्तर पुन्हा किताब आणि हुद्दा यांच्या संबंधात सापडते. नरसिंग यादव यांनी २०११ ते २०१३ आणि विजय चौधरी यांनी २०१४ ते २०१६ असा लागोपाठ तीन वेळा हा किताब मिळविला, आणि राज्याने दोघांनाही पोलीस उपअधीक्षकाचे पद दिले. गुणवंत मल्लाच्या उपजीविकेची राज्याने काळजी घ्यावी, हे सर्वथा उचित आहे. एके काळी हेच काम संस्थानिकांनी केले. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखून ठेवण्याचे धोरणही स्तुत्यच. पण ज्या क्षणी एका कुस्तीच्या निकालावर किंवा एका कागदावर सबंध आयुष्याची भाकरी अवलंबून राहते, त्या क्षणी तो निकाल आणि तो कागद यांवर त्यांना न पेलणारा भार पडतो. बनावट क्रीडाप्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळविल्याची प्रकरणे आपल्या राज्यात उघडकीस आली, ती या भाराचीच फळे होत. खोटा कागद लिहिणाऱ्याचा अपराध आहेच; पण कागदालाच विद्या समजणारी व्यवस्थाही निर्दोष नव्हे.

६

या विवेचनातून श्रेणी कशी मिळावी याविषयी काही निकष हाती लागतात. ते कोणत्याही एका परंपरेचे नाहीत.

पहिला निकष असा की, जी श्रेणी नाकारली जाऊ शकत नाही ती श्रेणीच नव्हे. ज्या परीक्षेत बसलेले सर्व उत्तीर्ण होतात, तिला समारंभ म्हणावे. दुसरा, परीक्षकाचा लाभ परीक्षार्थीच्या उत्तीर्ण होण्यात असता कामा नये. शुल्क घ्यावयाचे तर ते शिकविण्याचे घ्यावे. पट्ट्याचे घेऊ नये. आणि निर्णयाच्या वेळी बाहेरचा जाणकार बसवावा. शेजारच्या तालुक्यातील दोन वर्गांनी एकमेकांचे विद्यार्थी तपासले तरी पुष्कळ साधेल. तिसरा, कसोटी उघड असावी, आणि तिच्यात प्रतिकार करणारा खरा प्रतिस्पर्धी असावा. हवेत हात चालविण्याच्या परीक्षेने स्मरणशक्ती कळते. विद्या कळत नाही. चौथा, लढणाऱ्याची आणि शिकविणाऱ्याची श्रेणी वेगळी ठेवावी. पहिलीस मुदत असावी, म्हणजे ती राखावी लागेल. दुसरी दीर्घकाळ टिकावी, पण तिचे माप शिष्यांत पाहावे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. मुलांना पायऱ्या हव्या असतात. प्रत्येक पायरीवर अशी कठोर कसोटी लावली तर पोरे वर्ग सोडून जातील, असे शिक्षक म्हणतील. कानोंचा मूळ हेतूही उत्साह टिकविण्याचाच होता. परंतु या आक्षेपाचे उत्तर आखाड्याने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. रेवडीची कुस्ती हीदेखील कुस्तीच असते. पोर लहान म्हणून इनाम लहान असते, प्रतिस्पर्धीही त्याच्याच तोलाचा असतो. परंतु पाठ खरोखरच मातीला लागावी लागते. हरलेल्या पोरालाही खाऊ देणारे गावकरी असतात. पण जिंकलास असे त्याला कोणी सांगत नाही. उत्तेजन आणि श्रेणी या दोन वस्तू वेगळ्या आहेत, हे त्या अडाणी म्हणविल्या गेलेल्या फडास ठाऊक होते.

मौद्याच्या परिसरातील पट्टा घेणारी मुलगी आणि इनाम जिंकणारा मुलगा यांची योग्यता एका मापाने मोजण्याचे कारण नाही. परंतु दोघांनाही एक प्रश्न सारखाच विचारता आला पाहिजे : हे तुला कोणासमोर, कोणाविरुद्ध आणि न मिळण्याच्या कोणत्या शक्यतेतून मिळाले? या प्रश्नाचे सरळ उत्तर देता येते तोवर रेवडीही मानाची आहे. ते देता येत नसेल, तर केसरी हा शब्दही रिकामाच.